वाळवीने खाल्लेला शेवट

मे महिन्यात वाचनालय सकाळी आठ ते दहा उघडं असतं.
त्यानंतर पत्रा तापतो,
लोखंडी कपाटांना जुन्या रंगाचा वास सुटतो.

वाडीतली मुलं तेव्हा कुठे असतात, ठाऊक आहे मला.
ओहोटीला खाडीत तिसऱ्या वेचत,
राखणदाराचा डोळा चुकवून कुणाच्या तरी कलमाखाली,
नाहीतर काजू भाजून ओठ पोळवून घेत.
मी काही हाका मारत उन्हात फिरत नाही.
वाचनाचं महत्त्व सांगणारा एक फलक होता भिंतीवर,
त्याच्यामागे पालीने अंडी घातली,
तेव्हा उतरवून ठेवला.

गौरेश खवणेकर, सहावी पास,
आला तो पंख्यासाठी.
लपवलं नाही त्याने.
"बाई, हय फॅन आसा म्हणान इलंय."
बस, म्हटलं.
आणि हाताला लागलं ते पुढे सरकवलं,
होडीचं चित्र असलेलं एक पातळ पुस्तक.
त्याची शेवटची चार पानं दोन वर्षांमागे वाळवीने खाल्ली,
आणि नोंदवहीत 'बाद' असा शेरा मारायचा
माझ्याकडून राहून गेला होता.

दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी
हा माझ्या मागच्या दारी, अनवाणी,
एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत.
"होडी वाऱ्यात गावली. मगे?"
मगे काय, आठवत नाही रे.
"तुमी वाचूक नाय?"
वाचलं होतं. आठवतही होतं.
पण मी बांगडे साफ करत होते,
हात कोपरापर्यंत रक्ताचे,
तसल्या हातांनी कुणाला शेवट देऊ नये
असं काहीतरी वाटलं मला.

मग त्यानेच ठरवलं,
पानं शिवणारा चुकला असणार,
आपली चार पानं दुसऱ्याच कुठल्या पुस्तकात गेली असणार.
वरच्या फळीपासून त्याने शोध सुरू केला.
आधी नुसती शेवटची पानं बघायचा.
पण शेवट कुणाचा आहे हे शेवट बघून कळत नाही,
जरा मागे जावं लागतं,
मग आणखी मागे.
"ह्यो आमचो नाय," म्हणत पुस्तक बाजूला ठेवायचा.
एकात राजा निघाला. एकात आगगाडी.
एकात एक मुलगी झाडावरून खाली उतरायलाच तयार नव्हती,
तिच्यापाशी तो दोन दिवस थांबला.
दहा वाजले तरी उठेना,
तेव्हा किल्ली त्याच्याच हातात दिली
आणि मी भात टाकायला घरी गेले.

त्याचा बाप रत्नागिरीकडच्या ट्रॉलरवर खलाशी आहे
हे मला नोंदवहीत त्याचं पूर्ण नाव लिहिताना आठवलं.
तोवर सत्तावीस तारीख उलटली होती.
एक जूनला बंदी,
त्याआधी सगळे किनाऱ्याला लागतात,
हे इथे पाळण्यातल्या पोरालाही सांगावं लागत नाही.
मी पेन तसंच धरून बसले.
पंखा फिरत होता. तो वाचत होता.

बाप एकतीसला रात्री आला, म्हणे.
त्यानंतर चार दिवस पोरगा फिरकला नाही.

आज आला.
पुस्तक टेबलावर ठेवलं आणि पळाला.
आत रेघी वहीची चार पानं,
भाताच्या शितांनी डकवलेली,
अक्षर एका अंगाला कललेलं,
ओहोटीत रुतलेल्या होडीसारखं.
त्याच्या गोष्टीत होडी काही लगेच येत नाही.
मोबाइलला रेंज येते आधी.
उशीर होतोय, जेवण झाकून ठेवा, एवढाच निरोप.
मग दीड पान नुसतं जेवण,
कोण कुठे बसलं, कुणी सोलकढी सांडली,
मांजराला काय मिळालं.

मूळ शेवट याहून फिका होता.
तो मी आता कुणालाच सांगणार नाही.

पुस्तक पंख्याखाली ठेवलंय.
शाळा उघडायला अजून नऊ दिवस आहेत,
ज्याला हवं त्याने घेऊन जावं.
फक्त जमिनीवर ठेवू नका,
शितांना मुंग्या लागतात.